मालगुंडची रहस्यकथा कार्यशाळा : साकव आधी दाखवा, मग मुलीला चालू द्या

शनिवार-रविवारची निवासी कार्यशाळा, मालगुंडच्या एका घरगुती निवासात. फी 2200 रुपये. राहणं, जेवण, नाश्ता, चहा सगळं त्यातच. विषय एकच, लघुकथेत उत्कंठा कशी बांधायची. शिकवणारे सर मराठीचे निवृत्त प्राध्यापक, स्वतः दिवाळी अंकांतून रहस्यकथा लिहिणारे. नाव लिहू नका असं त्यांनी सांगितलं, म्हणून लिहीत नाही. पहिल्या दिवसाच्या दुपारच्या सत्रासाठी हे पैसे मी पुन्हा मोजायला तयार आहे. दुसऱ्या दिवसाच्या सकाळबद्दल माझी तक्रार आहे, ती पुढे येईलच.

मी एसटीत वाहक आहे, रत्नागिरीत. वस्तीच्या गाडीवर असलो की गाव झोपल्यावर दिवाळी अंक वाचायचे, ही जुनी सवय. अनंत अंतरकरांनी 1946 मध्ये 'हंस' सुरू केला आणि पुढे 'नवल'ही काढला, त्या अंकांचे जुने गठ्ठे माझ्या मामांकडे होते, तिथून हा नाद लागला. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या कथा वाचताना गाडीबाहेर पान हललं तरी दचकायला व्हायचं. पण लेखक नेमकं काय करतो की आपला श्वास अडकतो, हे कुणी उलगडून दाखवलं नव्हतं. स्वतः लिहायला लागल्यावर ते कळणं गरजेचं झालं. रजा टाकली आणि आरे-वारे मार्गे मालगुंडला गेलो.

दुपारच्या सत्रात सरांनी फळ्यावर एक साधी घटना लिहिली. आषाढाचा पाऊस, पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) लाकडी साकव, म्हणजे छोटा पूल, शाळेतून घरी येणारी चौथीतली मुलगी. साकव मोडतो. मग हीच घटना त्यांनी दोन तऱ्हांनी वाचून दाखवली. पहिल्या तऱ्हेत मुलगी कविता म्हणत येते, साकवावर पाय ठेवते, फळी मोडते. आम्ही दचकलो आणि लगेच सावरलोही. दुसऱ्या तऱ्हेत गोष्ट सकाळी सुरू होते. गुरं घेऊन निघालेल्या एका म्हाताऱ्याला दिसतं, की रात्रीच्या पाण्यानं साकवाच्या पलीकडच्या टोकाखालची माती नेली आहे. आडवं लाकूड नुसतं एका दगडावर टेकलंय. वरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही. तो साकवाच्या तोंडाशी एक फांदी आडवी टाकतो आणि माणसं बोलवायला निघतो. शाळा पाचला सुटते, तेव्हा वेळ आहे. पण वाडीत घरं बंद, सगळी माणसं लावणीला खालच्या मळ्यात. इकडे पाऊस वाढतो, आणि गुरुजी मुलांना दोनलाच घरी सोडतात.

इथून पुढे सरांनी मुलीला अजिबात घाई करू दिली नाही. ती वाटेत चिखलाची चप्पल धुते. खेकडा बघायला वाकते. मैत्रीण मागे राहिली म्हणून तिच्यासाठी थांबते. मध्येच दोन ओळी म्हाताऱ्याच्या : तो मळ्याच्या बांधावरून हाका मारतोय, पावसाच्या आवाजात त्या कुणाला ऐकू जात नाहीत. परत मुलगी. आडवी टाकलेली फांदी पाण्यानं बाजूला सरकली आहे. माझ्या शेजारी जयगडच्या एक बाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या, आयुष्यात कधी कथा न लिहिलेल्या. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अहो सर, त्या पोरीला कुणीतरी हाक मारा हो!"

सर वाचायचे थांबले आणि त्यांनी आम्हाला एकच विचारलं : पहिल्या तऱ्हेत हा खेकडा घातला असता तर काय झालं असतं? उत्तर सगळ्यांना माहीत होतं. कंटाळा आला असता. खेकडा तोच, वाक्य तेच, पण साकवाखालची माती गेली आहे हे आम्हाला ठाऊक होतं आणि तिला नव्हतं. माझ्यासाठी कार्यशाळेचा सगळा ऐवज या एका प्रश्नात होता. इतकी वर्षं मला वाटत होतं, की रहस्यकथा लिहायची म्हणजे वाचकापासून काहीतरी दडवायचं आणि शेवटच्या पानावर ते काढून दाखवायचं. त्या दुपारी उलट दिसलं. वाचकाच्या हातात आधीच द्यायचं, आणि मग ते त्याच्या हातात जड होऊ द्यायचं.

हे म्हणणं मूळ रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकचं, हेही सरांनी सांगितलं. फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफोनं 1962 मध्ये त्याच्याशी दीर्घ संवाद केला, त्यात टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण आहे. माणसं टेबलाशी बसून इकडचं तिकडचं बोलताहेत आणि बॉम्ब एकदम फुटला, तर प्रेक्षकाला 15 सेकंदांचा धक्का. तो एक वाजता फुटणार हे प्रेक्षकाला आधीपासून माहीत असेल आणि समोर घड्याळ दिसत असेल, तर त्याच गप्पांतून 15 मिनिटांचा ताण. सरांनी बॉम्बचा साकव केला आणि घड्याळाची शाळा केली. आमच्याकडचं कुणीही हे उदाहरण आता विसरणार नाही.

पुढचा तास एका इंग्रजी कथेवर होता. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची 'द मंकीज पॉ', 1902 सालची, सरांनी मराठीत सांगितली. (ज्यांना ती आधी वाचायची असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) माकडाचा वाळलेला पंजा, तीन इच्छा पुऱ्या करणारा. म्हातारं जोडपं 200 पौंड मागतं, आणि दुसऱ्याच दिवशी ते मिळतात, कारखान्यात यंत्रात सापडून मेलेल्या मुलाची भरपाई म्हणून. काही दिवसांनी आई दुसरी इच्छा मागायला लावते, मुलगा जिवंत परत यावा अशी. रात्री दारावर थाप पडते. आईला दार उघडायचं आहे, वरची कडी तिच्या हाताला लागत नाही. बाप अंधारात जमिनीवर रांगत तो पंजा शोधतोय, तिसरी इच्छा मागायला. आई खुर्ची ओढत दाराशी नेते. कडी सरकल्याचा आवाज येतो, त्याच क्षणी पंजा बापाच्या हाताला लागतो. थाप थांबते. दार उघडतं तेव्हा रस्ता रिकामा असतो.

सरांनी आम्हाला यातली फक्त कामं मोजायला लावली. कडी, खुर्ची, शोधणारे हात. दोघं एकाच घरात, दोन उलट कामं करताहेत, आणि दोघांचंही काम आपल्याला पटतं, कारण ती आई आहे आणि तो बाप. भीती वाटली, काळीज धडधडलं, घाम फुटला, असली वाक्यं तिथं लागतच नाहीत. दाराबाहेर काय उभं होतं हे जेकब्सनं शेवटपर्यंत दाखवलं नाही. आणि जिथं आपण सगळे नवे लेखक घाईनं दोन ओळींत उरकतो, नेमका तिथंच तो सावकाश होतो. खुर्ची ओढायला वेळ देतो. मला हे फार मोलाचं वाटलं. आपल्याकडे ताणाच्या जागी तुकड्या-तुकड्यांची वाक्यं लिहायची एक पद्धत पडली आहे : वीज चमकली. तो वळला. कुणीच नव्हतं. तसली पानंच्या पानं वाचून मला कधी काही झालं नाही.

अमेरिकी कथाकार एडगर ॲलन पो यांचा उल्लेख थोडक्यात झाला. 1842 मध्ये त्यांनी लिहिलं होतं, की अशी कथा अर्ध्या तासापासून एक-दोन तासांत वाचून व्हावी, एका बैठकीत. म्हणजे क्रमशःच्या लेखकाला प्रकरण तोडून जी ओढ लावता येते, ती लघुकथेवाल्याला मिळत नाही. त्याला सगळं आतच करावं लागतं. हा मुद्दा आणखी ताणायला हवा होता, पण चहा आला.

संध्याकाळी आमच्या कथा मोठ्यानं वाचायच्या होत्या. अट अशी, की लक्ष सुटलं की ऐकणाऱ्यानं हात वर करायचा. लिहिणाऱ्याला ते जिवावर येतं, पण याच्याइतकी खरी परीक्षा दुसरी नाही. चिपळूणच्या एका तरुणाच्या कथेत परसातली विहीर तीनदा आली होती, कठडा ढासळलेली. आम्ही सगळे त्या विहिरीची वाट बघत बसलो आणि कथा भलतीकडेच संपली. रशियन लेखक चेखवनं 1889 मध्ये एका पत्रात लिहिलं होतं, की झाडायची नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये. ते सरांनी सांगितलं, पण त्या तरुणाला विहीर काढून टाकायला सांगितलं नाही. शेवट विहिरीकडे वळवून आण, म्हणाले. लोक तिथंच बसलेत. त्यानं रात्री बसून खरंच तसं केलं.

आता तक्रार. रविवारची सकाळ सगळी भुताखेतांत गेली. गिऱ्हा, मुंजा, चकवा, वेताळ, कोणत्या गावात काय सांगतात याची रंगतदार उजळणी. मजा सगळ्यांना आली, पण लिहिण्याच्या दृष्टीनं त्यातून फारसं हाती लागलं नाही. कोकणातली कथा म्हटली की काजळी धरलेला कंदील आणि पिंपळ आलाच पाहिजे, याचा मला मनापासून वीट आला आहे. भुताला माझी हरकत नाही. पण कथेतलं भूत कधीही काहीही करू शकत असेल, तर वाचकानं घाबरायचं कशाला? माकडाच्या पंज्याला नियम आहे, तीनच इच्छा, म्हणून तिसरी उरली आहे हे आठवत आपण वाचत राहतो. आपल्या चकव्यालाही नियम आहे. कितीही चाला, फिरून त्याच जागी येणार. वाचकाला एक खूण द्या, समजा वाटेतला तुटका गडगा (दगडी बांध), आणि तो गडगा दुसऱ्यांदा येऊ द्या. मुंज्याचे नुसते किस्से सांगण्यापेक्षा ही एक गोष्ट करून घेतली असती, तर सकाळ सार्थकी लागली असती. मी हे सरांना बोललोही, आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

दुसरी उणीव वेळेची. आम्ही 25 च्या आसपास माणसं होतो. पहिल्या दहा-बाराजणांच्या कथांवर सविस्तर बोलणं झालं, शेवटच्यांना दोन-तीन वाक्यांत आटपलं. पैसे सगळ्यांनी सारखेच भरले होते. एका तुकडीत पंधराहून जास्त माणसं घेऊ नयेत.

माझा नंबर सुदैवानं आधी लागला. माझी कथा रात्रीच्या वस्तीच्या गाडीची. गाडी सुटताना आगारात फोन येतो : तुमच्या गाडीत अमुक गावचा एक माणूस आहे, मुंबईहून आलाय, त्याचे वडील दुपारी गेले. त्याला वाटेत काही सांगू नका, आम्ही थांब्यावर उभे आहोत. वाहक त्याचं तिकीट फाडतो. तो माणूस सुट्टे मोजून देतो आणि सांगायला लागतो, की बाबांसाठी कानाचं यंत्र घेतलंय, आता त्यांच्याशी ओरडून बोलायला नको. घरी लिहिलेल्या खर्ड्यात हा फोन मी शेवटी ठेवला होता. शनिवारच्या रात्री तो उचलून दुसऱ्या परिच्छेदात आणला, आणि गाडीचा प्रत्येक थांबा आपोआप कामाला लागला. दार उघडलं की वाचक बघणार, चढणारा त्याच गावचा तर नाही ना. कुणी ओळखीचा चढला, शेजारी बसला, बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात वाहक मुद्दाम तिकिटाला आला. त्यात खून नाही, भूत नाही. रविवारी दुपारी वाचून दाखवली तेव्हा हात वर झाला नाही. वाहकानं ते सांगून टाकावं की नाही, यावर मात्र जेवणानंतरही वाद चालू होता, आणि मला त्याचं फार बरं वाटलं.

जेवणाबद्दल काय लिहू? श्रावण होता, त्यामुळे शाकाहारी. टाकळ्याची भाजी, कुळथाचं पिठलं, भात, सकाळी घावणे आणि नारळाची चटणी. घरच्या काकू आग्रहानं वाढत होत्या. खोल्या स्वच्छ, अंथरूण जरा ओलसर, ते पावसाळ्यात चालायचंच. शनिवारी संध्याकाळी वीज गेली आणि बराच वेळ आली नाही, त्यामुळे वाचन बॅटरीच्या उजेडात झालं. इन्व्हर्टरची सोय करायला हवी. छापील टिपणं देत नाहीत, वही न्या. मोबाइलला पडवीतच काय ती रेंज.

ज्यांनी अजून काहीच लिहिलेलं नाही, त्यांना ऐकायला मजा येईल, पण खरा उपयोग हातात एक पूर्ण कथा असलेल्यांना आहे. शनिवारी दुपारी जे कळतं ते त्याच रात्री स्वतःच्या पानांवर करून बघायला मिळतं. पुढची तुकडी दिवाळीनंतर घेणार आहेत. कथा मोठी नको, सात-आठ पानांची पुरे, आणि ओळींमध्ये जागा सोडून लिहा, कारण परिच्छेद वर-खाली करावे लागतात. नाव नोंदवताना तुकडीत किती माणसं आहेत हे आधी विचारा. वीसच्या वर आकडा सांगितला, तर त्यापुढच्या तुकडीत जागा मागा.