स्की क्लबमधले आठ महिने आणि दोन सहली

स्की क्लबचं सदस्यत्व घेऊन आठ महिने झाले. या काळात क्लबबरोबर दोन सहली केल्या, एक चार दिवसांची आणि एक आठवड्याची. त्याआधी तीन हंगाम मी एकटी किंवा एखादी मैत्रीण सोबत घेऊन जायचे. दोन्ही प्रकार करून पाहिलेत, म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिला फायदा बर्फ दिसायच्या आधीच झाला. हंगामाला दोन महिने होते तेव्हापासून आठवड्यातून दोनदा व्यायाम असायचा. भिंतीला पाठ टेकून बसायचं, एका पायावर तोल सांभाळायचा, आडव्या उड्या मारायच्या. पूर्वी दुसऱ्याच दिवशी माझ्या मांड्या भरून यायच्या. यंदा चौथ्या दिवशीही पाय साथ देत होते.

मग बूट. मी नेहमी एक नंबर मोठा घ्यायचे आणि थंडीसाठी आत दोन जाड मोजे घालायचे. क्लबमधल्या एका काकांनी ते पाहिलं आणि माझ्यासमोर बैठकच मारली. "सरळ उभ्या राहा. बोटं पुढे टेकतायत? आता गुडघे वाकवा. सुटली ना? हा तुमचा नंबर. आणि मोजा एकच घाला, पातळ." सैल बुटात टाच उचलली जाते आणि पाय वळला तरी स्की वळत नाही, हे तीन हंगामांत मला कोणी सांगितलं नव्हतं. बाइंडिंगबद्दलही, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीबद्दलही, त्यांनीच समजावलं. ती किती घट्ट ठेवायची हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमची तयारी यांवरून ठरतं. फार घट्ट असेल तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि पाय पिळवटतो, फार सैल असेल तर वळणातच निसटते. म्हणून भाड्याने स्की घेताना वजन खरं सांगा आणि कौशल्यही फुगवून सांगू नका.

मी नेमकी तीच चूक केली. सहलीच्या अर्जात स्वतःला 'मध्यम' लिहिलं आणि क्लबने ते तसंच धरलं. आधी एखादी फेरी मारायला लावून मग गट पाडायला हवे होते, ही माझी क्लबबद्दलची खरी तक्रार आहे. दुपारपर्यंत मी लाल, म्हणजे बऱ्यापैकी अवघड उतारावर, पूर्ण दमलेली. एका वळणावर पडले, दोन्ही स्की सुटल्या, उजवी दहा-बारा हात खाली गेली.

आमच्या बॅकलीड ताई, म्हणजे गटाच्या सगळ्यात मागे राहून सगळ्यांना सांभाळणाऱ्या, मागून आल्या. स्वतःच्या दोन्ही स्की माझ्या वरच्या बाजूला बर्फात फुलीसारख्या रोवल्या, म्हणजे वरून येणाऱ्यांना लांबूनच दिसेल. माझी स्की आणून दिली, बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ काठीने खरवडायला लावला. "उताराच्या बाजूची स्की आधी घाल. घाई नाही. आणि आता मागे झुकू नकोस, नडगी बुटाच्या जिभेला टेकव." भीती वाटली की अंग आपोआप मागे जातं आणि मग स्कीची टोकं ऐकत नाहीत. त्या माझ्या मागे राहिल्या, प्रत्येक वळणाला फक्त "नडगी!" म्हणत. खाली पोचलो तेव्हा सगळा गट कडेला थांबलेला होता. दुसऱ्या दिवशी मी गट बदलून घेतला.

आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे 10 नियम आम्हाला बसमध्येच वाचून दाखवले. पुढे असलेल्याला रस्ता द्यायची जबाबदारी मागून येणाऱ्याची, आणि अरुंद किंवा वरून न दिसणाऱ्या जागी थांबायचं नाही, एवढं पाळलं तरी बरेच अपघात टळतील.

आखलेल्या उताराबाहेर क्लब सहजासहजी नेत नाही आणि ते मला फार पटलं. आधी एक दुपार हिमस्खलनात गाडलेल्या माणसाला शोधण्याचा सराव. 457 किलोहर्ट्झवर चालणारा ट्रान्सीव्हर (अंगावर बाळगायचं, संकेत पाठवणारं आणि पकडणारं छोटं यंत्र) पिशवीत घालून बर्फात पुरला होता. तो शोधून, सळईने टोचून, फावड्याने उकरून काढायला आम्हाला पहिल्यांदा बावीस मिनिटं लागली. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने कमी होत जाते. त्या पिशवीकडे पाहताना कोणी बोललं नाही. तिसऱ्या वेळी नऊ मिनिटांत काढली. एकट्याने गेलात तर तुमच्याकडचा ट्रान्सीव्हर ऐकणारं कोणी नसतं.

सगळ्यांना हे मानवेल असं नाही. सकाळची वेळ ठरलेली, लिफ्टखाली सगळे येईपर्यंत थांबायचं, जेवणही एकत्र. जुन्या सदस्यांच्या गप्पांत शिरायला मला पहिली सहल पूर्ण लागली. गटामुळे राहण्याच्या आणि लिफ्ट पासच्या खर्चात सवलत मिळाली, पण सदस्यत्वात विमा धरलेला नव्हता, तो वेगळा काढावा लागला. पैसे भरण्याआधी हे विचारून घ्या.

पुढच्या हंगामाची वर्गणी भरली आहे. नवशिक्यांच्या गटासाठी बॅकलीड हवी आहे असं कळलं, तिथे माझं नाव दिलंय. ताई दोन दिवस माझ्याबरोबर राहून शिकवणार आहेत.