नेता कोणी निवडावा: खासदारांनी की पक्षसदस्यांनी?

पक्षाची घटना लिहायला बसलं की एका कलमावर गाडी हमखास अडते. संसदेतला नेता तिथल्या खासदारांनी निवडायचा, की वर्गणी भरणाऱ्या सगळ्या सदस्यांनी?

खासदारांच्या हाती निवड दिली की काम झटपट होतं. ऑस्ट्रेलियाच्या लिबरल खासदारांनी २०१८ मध्ये बंद दाराआड मतदान केलं, मॉरिसन यांनी डटन यांना ४५ विरुद्ध ४० मतांनी हरवलं आणि त्याच संध्याकाळी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. शिवाय मत देणारे उमेदवाराला सभागृहात रोज पाहत असतात. पण तिथल्याच मजूर पक्षाने २०१० मध्ये पंतप्रधान रड यांना हटवून गिलार्ड यांना आणलं आणि २०१३ मध्ये गिलार्ड यांना हटवून पुन्हा रड यांनाच! मतदारांनी यातून काय समजायचं?

सदस्यांनी निवडलेल्या नेत्यामागे मोठा जनाधार असतो. अडचण वेगळीच आहे: निवडणारे एक आणि रोज सोबत बसणारे दुसरे. ब्रिटनच्या मजूर पक्षात कॉर्बिन २०१५ मध्ये ५९.५ टक्के मतांनी निवडून आले. पुढच्याच वर्षी त्यांच्या खासदारांनी १७२ विरुद्ध ४० असा अविश्वास दाखवला, तरी ते हलले नाहीत. सदस्यांनी त्यांना ६१.८ टक्क्यांनी परत बसवलं. ब्रिटनच्याच हुजूर पक्षात २०२२ साली खासदारांच्या शेवटच्या फेरीत सुनक १३७ आणि ट्रस ११३ होते. सदस्यांनी ट्रस निवडल्या. पंतप्रधानपदी त्या दोन महिनेही टिकल्या नाहीत.

म्हणून सत्तेत असलेल्या किंवा सत्तेच्या उंबरठ्यावरच्या पक्षाला मी खासदारांची पद्धत सुचवेन. पाच-सहाच खासदार असतील तर मात्र ती निवडणूक नव्हे, घरातली वाटणी. तिथे सदस्यच बरे.

खासदार आणि सदस्य यांच्या मतांना अर्धं-अर्धं वजन हा मधला मार्गही आहे. ऑस्ट्रेलियन मजूर पक्षाने २०१३ मध्ये तो धरला. सदस्यांची जवळपास ६० टक्के मतं अल्बानीज यांना पडली, पण खासदारांच्या जोरावर शॉर्टन जिंकले आणि साडेपाच वर्षांहून जास्त टिकले.

काहीही निवडा, नेता काढायचा कसा हे आधी लिहा. त्याच पक्षाच्या २०१३ च्या नियमांत पंतप्रधानाविरुद्ध निवडणूक लावायला ७५ टक्के खासदारांच्या सह्या लागत, विरोधी पक्षनेत्याविरुद्ध ६० टक्के.