घरी वाचून, की गच्चीवर बोलून?

२००९ हे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्ष. त्याच वर्षी ‘३६५ डेज ऑफ ॲस्ट्रॉनॉमी’ हा पॉडकास्ट सुरू झाला, तोही जगभरच्या हौशी मंडळींनी पाठवलेल्या भागांवर. असा भाग मराठीत करायचा तर वाटा दोन.

घरी संहिता लिहून वाचली की आकडे तपासता येतात, अडखळलं तर वाक्य पुन्हा घेता येतं. पण फोंड्याला पावसाळ्यात कौलांवर सर कोसळली की रेकॉर्डिंग थांबतंच. एरवी मी पंखा बंद करून डोक्यावरून गोधडी घेते, आवाज घुमत नाही.

गच्चीवर चौघींनी गप्पा मारत केलेला भाग मला जास्त प्रिय. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला अगस्ती हा तारा दिसतो. गोव्यातून तो क्षितिजापासून जास्तीत जास्त २२ अंशांपर्यंतच चढतो. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश, म्हणजे अगस्ती दोन मुठींवर. शेजारच्या मुलीने स्वतः मोजलं आणि ओरडली, “होय गो, दोनच!” हे संहितेत लिहून येत नाही. संपादनाला मात्र दुप्पट वेळ लागतो, कारण सगळ्या एकदम बोलतात.

पहिला भाग असेल तर घरीच करा. दुसऱ्याला गच्ची गाठा, मुठी मोजायला एखादं पोर सोबत घेऊन.