१८० रुपयांचा शब्दकोश आणि साऊंड घड

जानेवारीच्या शेवटी नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरच्या एका पुस्तकांच्या दुकानातून खिशात मावेल असा इंग्रजी-मराठी शब्दकोश घेतला. छापील किंमत २००, मला १८० ला पडला. आता एप्रिल आला, सीझन आवरत आलाय आणि पुस्तकाला, द्राक्षं टिकावीत म्हणून बॉक्समध्ये घालतात त्या सल्फरच्या पॅडचा वास लागलाय. म्हणजे वापरून झालंय, बोलायला हरकत नाही.

मी राहते पंचवटीत, कामाला दिंडोरी रोडच्या बाजूला एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये. लाइनवर साठेक बायका. क्रेटमधून घड उचलायचा, तडकलेला, मऊ, डागी मणी कात्रीने काढायचा, पनेट म्हणजे प्लास्टिकची छोटी डबी भरायची; ५०० ग्रॅमचे दहा पनेट झाले की ५ किलोचा बॉक्स प्रीकूलिंगला, म्हणजे गार करायच्या खोलीत. लाइन सांभाळायची आणि संध्याकाळी क्वालिटीचा रिपोर्ट लिहायचा हे माझं काम. रिपोर्ट इंग्रजीत, कारण माल न्हावाशेवा बंदरातून हॉलंडच्या रॉटरडॅमला जातो. यंदा हाताखाली एक मुलगी दिली. बारावी झालेली, चलाख, पण इंग्रजी म्हटलं की मान खाली. पुस्तक घेतलं ते तिच्यासाठी.

मालाच्या अटींचा जो कागद भिंतीला चिकटवलाय, त्यात पहिल्याच ओळीला शब्द आहे ‘साऊंड’. घड साऊंड पाहिजे. तिने वाचलं आणि विचारलं, "ताई, घड वाजवून बघायचा का?" सगळी लाइन खो-खो हसली. मी म्हटलं, हसू नका गं, पुस्तकात बघू दे तिला.

पुस्तकात पुढे लिहिलंय: आवाज, ध्वनी, वाजणे, निरोगी, गाढ, सामुद्रधुनी, खोली मोजणे. संपलं. सात अर्थ एकाच दावणीला बांधलेले, आणि कुठला कधी सोडायचा त्याचं एकही वाक्य नाही. पोरीने त्यातला ‘निरोगी’ उचलला, म्हणजे नेम बरोबर लागला. पण दर ओळीत ‘साऊंड’ काय लिहायचं, म्हणून पुढच्या ओळीत तिने शाळेतला ‘हेल्दी’ घातला. माझी नजर चुकली, रिपोर्ट गेला. दुसऱ्या दिवशी तिकडून उत्तर: द्राक्षं हेल्दी असतात हे आम्हाला ठाऊक आहे, सडके मणी आहेत की नाहीत ते कळवा.

चूक तिची कमी, पुस्तकाची जास्त. खायच्या वस्तूला ‘हेल्दी’ म्हटलं की ती खाणाऱ्याच्या तब्येतीला चांगली. ‘साऊंड’ म्हणजे ती वस्तू स्वतः धड आहे, किडलेली, सडलेली नाही. आमची आई भाजीबाजारात वांगं देठापासून फिरवून बघते आणि विचारते, "धड आहे ना रे?" तोच हा साऊंड. निकोप म्हणा, शाबूत म्हणा. यातला एकही शब्द पुस्तकात नाही, सामुद्रधुनी मात्र आहे. मागे समानार्थी शब्दांची पुरवणी जोडलीय, तिथे साऊंडसमोर फक्त ‘नॉइज’. नॉइज म्हणजे गोंगाट. सतारीचा साऊंड असतो, नॉइज कसा असेल?

माझं मात्र वेगळंच चक्र सुरू झालं. माठ आपण वाजवूनच घेतो. टणटण वाजला तर पक्का, बद्द वाजला तर तडा गेलेला. म्हटलं, यावरूनच इंग्रजांनी आवाजाचा शब्द धडपणाला लावला असणार. दोन दिवस हा शोध मी बायकांना ऐकवत होते. मग सुट्टीच्या दिवशी सावानात, म्हणजे आमच्या सार्वजनिक वाचनालयात गेले. ते १८४० पासूनचं आहे, तिथे जाडजूड इंग्रजी कोश मिळतो. अर्धा तास वाचला आणि माझा शोध पार आपटला. हा एक शब्द नाहीच, चार आहेत! आवाजाचा साऊंड फ्रेंचमधून आला, मूळ लॅटिन. त्याच्या शेवटचा ‘ड’ तर नंतर चिकटलाय. धडपणाचा साऊंड जुन्या इंग्रजीतला, जर्मन ‘गेझुंड’चा भाऊबंद. सामुद्रधुनीचा उत्तरेकडचा, डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधल्या एरेसुंडमध्ये दिसतो तो. आणि दोरीला वजन बांधून पाण्याची खोली मापायची, तो चौथा, पुन्हा फ्रेंच. एकाच आडनावाची चार घरं, आवाजाच्या घराचं धडपणाच्या घराशी नातं काही नाही. गाढ झोपेचा साऊंड धडपणाच्याच घरातला. डच भाषेतही निरोगीला ‘खेझोंड’ म्हणतात, म्हणजे रॉटरडॅमवाल्याला हा शब्द घरचाच.

खिशातल्या पुस्तकाने एवढा इतिहास सांगावा असं माझं म्हणणं नाही. पण चार शब्दांना १, २, ३, ४ असे आकडे टाकायला शाई किती लागते?

आता माझी खरी तक्रार. आमच्या जिल्ह्यात हा शब्द इंग्रजी न येणाऱ्यालाही येतो. "पार्टी साऊंड आहे का?" बागेचा सौदा करताना पहिला प्रश्न हाच. व्यापारी गोड बोलतो, माल उचलतो, धनादेश देतो आणि फोन बंद करतो. आमच्या आप्पांचं एका वर्षी असंच झालं. त्या व्यापाऱ्याच्या गाडीकडे बघून सगळे म्हणाले होते, पार्टी एकदम साऊंड. ऑक्टोबर छाटणीपासून पोटच्या पोरासारखी सांभाळलेली बाग, आणि हातात न वटलेला कागद. पैशाने भक्कम, हा अर्थ इंग्रजीतही चोख आहे. नाशिकच्या दुकानात विकायच्या पुस्तकात तो नसावा, याचा मला अजून राग येतो.

बाकी पुस्तक वाईट नाही. उच्चार देवनागरीत दिलेत, त्यामुळे पोरगी आता न अडखळता मोठ्याने वाचते. शिलाई पक्की आहे, ॲप्रनच्या खिशात तीन महिने राहून, ओल्या हाताने उलटून एक पान सुटलं नाही. कागद पातळ, टाइप बारीक. चाळिशीनंतर चष्म्याशिवाय नाद सोडा. फोनमध्ये शब्दकोश असतोच, पण लाइनवर फोन बंदी, तिथे हेच कामाला येतं.

पाचपैकी तीन तारे. नुसता शब्द अडला तर घ्या; रिपोर्ट, अर्ज, पत्र लिहायचं असेल तर थोडे जास्त पैसे घालून वाक्यं दिलेला मोठा कोश बघा.

पोरीने आता त्या पानाच्या समासात निळ्या पेनाने भर घातलीय: ‘धड. निकोप. सडकं नाही.’ त्याच्याखाली मी लिहिलं, ‘पैसे बुडवणार नाही असा.’ तिने वाचलं आणि म्हणाली, "ताई, हे आधी कसं ओळखायचं, ते पण लिहा ना."