इंजिन ढिम्म हलत नाही: रीसेट, ब्लँकिंग प्लग की थेट नवीन डिकोडर?

मॉडेल रेल्वेचं डीसीसी (डिजिटल कंट्रोलचं) इंजिन रुळावर ठेवलं, कंट्रोलरवर त्याचा अ‍ॅड्रेस, म्हणजे नंबर, टाकला आणि लाईट नाही, आवाज नाही, मोटर ढिम्म. आता तीन रस्ते असतात, रीसेट मारून बघा, डिकोडर (इंजिनातली, कंट्रोलरचे हुकूम ऐकणारी चिप) काढून ब्लँकिंग प्लग (मोटर थेट रुळाच्या विजेला जोडणारा साधा प्लग) लावून बघा, नाहीतर सरळ नवा मागवा. बहुतेकांचा हात तिसऱ्याकडे जातो. माझ्या मते तो सगळ्यात शेवटचा उद्योग.

काहीही करायच्या आधी रूळ आणि चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा (मुंबईच्या पावसाळ्यात हे सांगायला नकोच), आणि दुसरं चालू इंजिन त्याच जागी ठेवा. ते पळालं तर पुढे वाचा.

रीसेटला पैसे लागत नाहीत, इंजिन उघडावं लागत नाही, आणि सेकंडहँड इंजिन असेल तर अर्ध्याहून जास्त वेळा लोचा इथेच असतो असं मला वाटतं. म्हणजे डिकोडर धडधाकट असतो, फक्त दुसऱ्याच अ‍ॅड्रेसवर हाकेची वाट बघत बसलेला असतो. आधीच्या मालकाने दोन इंजिनं एकत्र जोडून चालवली आणि सीव्ही १९ मध्ये (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली नंबर दिलेली सेटिंग, १९ मध्ये जोडीचा अ‍ॅड्रेस असतो) आकडा तसाच सोडला, की ते इंजिन स्वतःच्या अ‍ॅड्रेसवर हलणारच नाही. सीव्ही २९ मध्ये लांब (मोठ्या नंबरच्या) अ‍ॅड्रेसचे ३२ जमा असतील तर ३ या नव्या डिकोडरच्या नेहमीच्या नंबरवर कितीही बोंबला. म्हणून मी आधी पूर्ण रीसेट करत नाही, प्रोग्रामिंग ट्रॅकवर (सेटिंग लिहायचा रुळाचा वेगळा तुकडा) सीव्ही १ ला ३, १९ ला ० आणि २९ ला ६ एवढंच लिहितो, बाकीची सेटिंग शाबूत राहतात. तरी नाही हललं तर मग पूर्ण रीसेट, ईएसयू आणि झिमो कंपन्यांच्या डिकोडरला सीव्ही ८ मध्ये ८, एनसीईला मात्र सीव्ही ३० मध्ये २, त्यामुळे मॅन्युअल बघितल्याशिवाय आकडे ठोकू नका.

आता गंमत अशी की कंट्रोलरने एरर दाखवला म्हणजे डिकोडर मेला असं नाही. प्रोग्रामिंग ट्रॅकवर डिकोडर "हो" म्हणतो ते साधारण ६० मिलीअँपिअरचा करंट ६ मिलीसेकंद ओढून, आणि तो करंट बहुतेक वेळा मोटरमधूनच जातो. मोटरची तार सुटली असेल किंवा ब्रश खराब असेल तर त्याचं "हो" पोचतच नाही, पण लिहिलेलं बरेचदा आत गेलेलं असतं. हॉर्नबी सिलेक्टसारख्या कंट्रोलरला तर सीव्ही वाचताच येत नाही, तो काय निदान करणार. एनसीई पॉवर कॅब वाचतो. सारखंच हे काम करायचं असेल तर स्प्रॉग (रूळ कॉम्प्युटरला जोडणारी डबी) आणि जेएमआरआय (कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर) ही जोडी बेस्ट, सॉफ्टवेअर फुकट आहे आणि सगळे सीव्ही कॉम्प्युटरवर दिसतात.

ब्लँकिंग प्लगचं मात्र वेगळं आहे. इंजिन उघडावं लागतं, बॉडीच्या क्लिपा तुटायची भीती असते, आणि तारा थेट सोल्डर केलेल्या असतील तर हा मार्ग बंदच. पण उत्तर एकदम रोखठोक मिळतं. प्लग लावा, चाकांना ९ व्होल्टची बॅटरी टेकवा, मोटर फिरली तर इंजिन ठीक आणि संशय डिकोडरवर, नाही फिरली तर नवा डिकोडर घेऊन काहीच होणार नाही. मग प्लग काढून सॉकेटला मल्टिमीटरही लावा. ८ पिनच्या सॉकेटमध्ये १ आणि ५ म्हणजे मोटर, तिथे थोडे ओहम दिसले पाहिजेत. ४ आणि ८ म्हणजे रुळाकडून येणारी वीज, त्यांचा १ किंवा ५ शी अजिबात संबंध दिसता कामा नये. दिसला तर मोटर कुठेतरी चासीला टेकलीय आणि बहुधा जुना डिकोडर त्यानेच खाल्लाय, नवाही लगेच खाईल.

नव्याचं सांगायचं तर आपल्याकडे चांगला डिकोडर बहुतेक बाहेरूनच येतो, वर कुरिअर आणि कस्टम ड्युटी, साऊंडवाला असेल तर खिशाला चांगलीच चाट. वॉरंटीत परत पाठवायचा म्हटलं तरी पोस्टेज बघून माणूस गप्प बसतो. जळका वास आलाय, प्लास्टिक फुगलंय, किंवा इंजिन प्लगवर मस्त पळतंय आणि डिकोडर दुसऱ्या इंजिनातही गप्प आहे, अशा वेळी मात्र टाईमपास नको, मागवून टाका. क्लबमध्ये कुणाकडे ईएसयूचा डिकोडर टेस्टर असेल तर त्यावर एकदा लावून घ्या, त्याला स्वतःची मोटर आणि लाईट असतात, इंजिनाचा प्रश्नच उरत नाही.

आणि नवा आला की लगेच मेन लाईनवर नेऊ नका. प्रोग्रामिंग ट्रॅकवर करंट मर्यादित असतो, वायरिंग चुकलं असेल तरी जळायची शक्यता कमी. तिथे सीव्ही ८ वाचा, वाचताना त्यात कंपनीचा नंबर दिसतो, झिमोचा १४५ येतो, ईएसयूचा १५१. आकडा नीट आला की मग ३ नंबरवर पळवा.