बोर्डावर लिहिलंय बी७५, आत निघाला एच६१

चूक थोडी माझीही आहे हे आधीच कबूल करतो, पण मदरबोर्ड जो सांगून विकला तो डब्यात नव्हताच, म्हणून लिहितोय.

झालं असं की माझा इंटेल आय५-३४७० चा जुना पीसी, प्रोसेसर ठणठणीत पण मदरबोर्ड मेला. २०१२ चा प्रोसेसर, ११५५ सॉकेट (प्रोसेसर बसायची खाच), मोठ्या कंपन्यांनी त्याचे बोर्ड बनवणं कधीच सोडून दिलंय. मग एकतर कुणाचा तरी वापरलेला बोर्ड शोधा नाहीतर ते बिननावाचे "नवीन" बोर्ड घ्या. नवीन म्हणजे सर्किटची पट्टी नवीन, चिपसेट (साटा, यूएसबी वगैरे सांभाळणारी बोर्डावरची मुख्य चिप) बहुतेक वेळा भंगारातल्या बोर्डावरून काढून परत बसवलेला. हे मला तेव्हाही माहीत होतं, खोटं कशाला बोलू. जाहिरातीत बी७५ चिपसेट, ६ जीबीपीएसचं साटा (डिस्क जोडायची सोय), निळे यूएसबी ३.०, एम.२ स्लॉट (पट्टीसारखी छोटी एसएसडी लावायला), वर विंडोज ११ चालेल असंही ठोकून दिलेलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, हा तिसऱ्या पिढीचा. तिथेच शंका यायला हवी होती खरं तर.

रिव्ह्यू वाचले तर अर्धी जनता म्हणतेय एक नंबर बोर्ड, डोळे झाकून घ्या, आणि अर्धी म्हणतेय कचरा आहे, हात लावू नका. मी आपला सोयीचा अर्थ काढला, शिव्या घालणाऱ्यांना नीट जोडताच आला नसेल. बोर्ड आला, लावला, पहिल्याच झटक्यात डिस्प्ले, विंडोज १० टाकलं, सगळं झकास. दुसऱ्या दिवशी मी पाच स्टार देऊन मोकळा.

आठवडाभराने नाटकं सुरू. गाणी ऐका, ब्राउझर चालवा, काही नाही, पण व्हिडिओ रेंडरला लावला की पंधरा-वीस मिनिटांत स्क्रीन गोठणार, माउस पण हलणार नाही, पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि परत चालू करायचं. प्रोसेसरचं तापमान बघितलं तर नॉर्मल. शेवटी कॅबिनेट उघडून सॉकेटच्या बाजूला जे व्हीआरएमचे (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) मॉस्फेट असतात तिथे बोट नेलं आणि चटका बसून मागे घेतलं. ७७ वॉटचा प्रोसेसर, त्याला करंट देणारे तीनच फेज आणि त्यांच्यावर हीटसिंक नावाला पण नाही. ज्यांचा बोर्ड "दोन वर्षं मस्त चालू" होता त्यांनी त्यावर बिलं टाईप केली असणार, दुसरं काय.

पण खरी फसवणूक वेगळीच निघाली. पेन ड्राइव्ह निळ्या पोर्टात लावला तरी कॉपीचा स्पीड सेकंदाला तीस एमबीच्या वर जाईना. सहज टॉर्च मारून पोर्टच्या आत बघितलं. यूएसबी ३.० च्या पोर्टात नऊ पिना असतात, पाच पुढे आणि चार मागे. माझ्यात मागच्या चारच, पुढे नुसतं निळं प्लास्टिक. म्हणजे २.० चाच पोर्ट, फक्त रंग निळा! मग डोकंच फिरलं, एसएसडीचा टेस्ट लावला, सेकंदाला २७० एमबीच्या आसपास, जिथे ५०० च्या वर यायला पाहिजे, म्हणजे साटा ३ जीबीपीएसचं. सीपीयू-झेड (हार्डवेअरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं, मेनबोर्डच्या टॅबमध्ये मॉडेलसमोर बी७५ आणि खाली साउथब्रिजसमोर, म्हणजे खऱ्या चिपसेटसमोर, एच६१. मॉडेलचं नाव बायोसमध्ये (बोर्डातलं, पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) कुणीही काहीही लिहू शकतं, साउथब्रिज मात्र चिपला विचारून दाखवतात. एच६१ ला ६ जीबीपीएसचं साटा नाही की स्वतःचं यूएसबी ३.० नाही. एम.२ स्लॉटमध्ये मित्राचा एनव्हीएमई (साटापेक्षा वेगळ्या, वेगवान प्रकारचा एसएसडी) लावून बघितला तर बायोसला पत्ताच नाही, तो स्लॉट बहुतेक फक्त साटावाल्या एम.२ साठी.

एक गोष्ट मात्र बोर्डाच्या बाजूने बोलतो. रॅम चालत नाही अशी बोंब खूप जणांची आहे, माझी पण होती, ८ जीबीची स्वस्तातली डीडीआर३ लावली की डिस्प्लेच नाही. ती रॅम निघाली "फक्त एएमडीसाठी"वाली, बारीक अक्षरात लिहिलेलं. तिच्यावर एक्स४ चिपा (एका वेळी चार बिट देणाऱ्या) असतात, या पिढीच्या इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरला एक्स८ आणि एक्स१६ च चालतात, आणि बाहेरून दोन्हीवर सोळाच चिपा दिसतात, कळणार कसं. हा दोष बोर्डाचा नाही. पण चांगल्या रॅमच्या दोन कांड्या लावल्यावरही रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ मध्ये लाल ओळी (एरर) आल्या, त्याच कांड्या एकेक करून पहिल्या स्लॉटमध्ये रात्रभर पास. म्हणजे दुसरा स्लॉट गंडलेला.

विक्रेत्याला फोटो, स्क्रीनशॉट सगळं पाठवलं. आधी म्हणे विंडोज परत टाका, मग म्हणे प्रोसेसर खराब असेल, मग म्हणे सॉकेटच्या पिना तुम्ही वाकवल्या, फिजिकल डॅमेज, रिटर्न होणार नाही. या सॉकेटच्या पिना बोर्डावरच असतात, त्यामुळे हा आरोप त्यांना एकदम सोपा. माझं नशीब की प्रोसेसर बसवायच्या आधी मी सॉकेटचा क्लोजअप काढून ठेवला होता, तारखेसकट. तो पाठवल्यावर आवाज बंद, रिप्लेसमेंट देतो म्हणाले.

रिप्लेसमेंट आली. तोच डबा, तेच मॉडेल, आत वेगळाच बोर्ड. आधीचा निळा, हा काळा, कपॅसिटर वेगळे, मॉस्फेटवर छोटा हीटसिंक पण आहे. सीपीयू-झेड म्हणतं खरंच बी७५. निळ्या पोर्टात नऊ पिना मोजल्या, दोनदा. रेंडर लावून झोपलो, सकाळी चालूच. तेव्हा कळलं त्या रिव्ह्यूंमध्ये कुणीच खोटं बोलत नव्हतं, एका नावाखाली हाताला लागेल तो माल भरतायत, ज्याच्या वाट्याला जो आला त्याने तो लिहिला.

सीएमओएसची बॅटरी मात्र याचीही पहिल्या आठवड्यात मेली, रोज घड्याळ मागे जायचं.

काल माझा जुना रिव्ह्यू उघडला. "जबरदस्त बोर्ड, बिनधास्त घ्या", पाच स्टार, आणि खाली बऱ्याच जणांनी उपयोगी म्हणून अंगठा दिलेला. एक स्टार केला, चार पिनांचा फोटो टाकला. अंगठे तसेच राहिलेत.