मे महिन्यात ड्रॅगन ओतून घेऊ नका

माझं काम कवळ्यांचं. भुसावळला डेंटल लॅबमध्ये एकोणीस वर्षं दात बसवतेय, त्यामुळे साचा, सिलिकॉन, बुडबुडे हे काही मला नवीन नाही. भाच्याच्या नादाने बोटभर उंचीचे रेझिनचे योद्धे आणि चेटकिणी रंगवायला लागले. मग त्याने संगणकावर एक ड्रॅगन घडवला आणि आम्ही पाच जणांनी वर्गणी काढून जळगावच्या एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्या पाच प्रती ओतायला दिल्या. नाकापासून शेपटीपर्यंत ४६ सेंटिमीटर, पंख पसरले की ५८, एकूण १७ तुकडे. प्रतीला ६,८०० रुपये, साच्यांचा खर्च वेगळा. शेडचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्यातल्या निम्म्या त्यांनी स्वतःच निस्तरल्या.

सुरुवातच चिकट झाली, अगदी शब्दशः. पहिल्या साच्याचं सिलिकॉन दोन दिवस झाले तरी मास्टरला, म्हणजे ज्यावरून साचा घेतात त्या मूळ नमुन्याला, लागून ओलंच. मालक म्हणाले, माल शिळा आला असेल. मी विचारलं, "भाऊ, हातमोजे कुठले वापरता?" पिवळसर, लॅटेक्सचे. आमच्याकडे पोरगी पहिल्या दिवशी रुजू झाली की हेच शिकते: लॅटेक्समधल्या गंधकाने प्लॅटिनमवालं सिलिकॉन धरत नाही, दाताचं माप घ्यायचं असो की ड्रॅगनचं. त्यात मास्टर थ्रीडी प्रिंटचा, उन्हात पुरता न वाळवलेला. त्यानेही तेच होतं. हातमोजे बदलले, मास्टरवर लाखेचा हात दिला, साचा सुटला. या सल्ल्याचे ५०० रुपये कमी झाले, तेही मी मागितले म्हणून.

मग मे महिना. पारा ४४ वर आणि शेडला वरून पत्रा. ए आणि बी अशा दोन डब्यांतलं पॉलियुरेथेन रेझिन समप्रमाणात मिसळायचं, आणि डब्यावर लिहिलेली ५ मिनिटांची मुदत २५ अंशांची. दहा अंश वाढले की ती साधारण निम्मी होते. म्हणजे तिथे मिसळून, ढवळून, ओतायला दोन मिनिटंही मिळत नव्हती. पंखांची टोकं भरायच्या आत रेझिन वाटेतच थिजलं. धड तर त्याहून वाईट. रेझिन घट्ट होताना स्वतःच तापतं. तलवारीच्या पात्यातली ऊब लगेच निघून जाते, पण दोन मुठींएवढ्या भरीव छातीत ती आतच कोंडते. तापलेलं निवताना आकसलं आणि ड्रॅगनचं पोट असं आत गेलं, जणू एकादशी करून आलाय. कवळीतही हेच, म्हणून आम्ही ॲक्रिलिक ७४ अंशांच्या आसपास तासन्‌तास ठेवतो. त्यातलं पातळ द्रव, मोनोमर, १०० च्या जरा वर उकळतं; घाई केली की जाड भाग आतून जाळीदार.

पंखाची एक चूक माझी. बरा निघालेला एक पंख भर दुपारी पॅसेंजरच्या खिडकीशी धरून आणला आणि भुसावळ येईतो तो भाजलेल्या पापडासारखा वळला. लॅबच्या गरम पाण्यात मऊ करून काचेवर सपाट दाबला, लगेच गार पाण्यात. सरळ झाला.

बाकी माल परत पाठवला. फोनवर मालकांचा पहिला शब्द "काय व्हयनं ताई?" आणि दुसरा "परत ओतू." कुरकुर नाही, हे आवर्जून सांगते.

दुसरी खेप श्रावणात आली. आता शेपटीला अनारशासारखी जाळी. बी डबा पावसाळी हवेत उघडा राहिला की तो ओल धरतो, आणि ती ए डब्यातल्या आयसोसायनेटला लागली की गॅस होऊन माल फेसाळतो. शिवाय खवल्यांवर घामोळ्यासारख्या बारीक पुळ्या. हे कोडं मला आठवडाभर सुटलं नाही. मग कळलं: ओतलेलं रेझिन ते दाबाच्या टाकीत ठेवत होते, पण साचा बनवताना सिलिकॉन नुसतं टेबलावर धरू दिलं होतं. सिलिकॉनमधले बुडबुडे दाबाखाली चेपतात, तिथे खड्डा होतो, आणि त्यात रेझिन शिरून पुळी. साचाही त्याच दाबात धरायला हवा. (घरी कुकरवर हा प्रयोग करू नका. कुकरची शिट्टी साधारण १ किलो दाबाला होते. इथे ३ ते ४ किलो लागतो, आणि तेवढ्या दाबासाठीच बनवलेली टाकी.)

तिसरी खेप डिसेंबरात, नव्या साच्यांतून. धड आता पोकळ, आत गाभा ठेवून ओतलेलं; आधीचं भरीव सव्वा किलोच्या घरात होतं, हे त्याच्या निम्म्याहून कमी. पंखांची टोकं सुईसारखी. नखांखाली एक बुडबुडा नाही. टाकी लहान असल्यामुळे मान धडापासून वेगळी ओतावी लागते आणि तो सांधा अर्धा मिलिमीटर तरी चुकतोच. पुटी लावून घासणं तुमच्या नशिबी. घासताना पाणी वापरा. पंखांच्या मुळाशी पितळी तार घाला, नुसत्या गोंदावर तो भार टिकत नाही. रंगाआधी भांड्याच्या साबणाने धुवा, नाहीतर साच्याचं तेल प्रायमरला, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या हाताला, धरू देत नाही.

पॅकिंगला पैकीच्या पैकी: केळीच्या खोक्यात, प्रत्येक तुकडा केळीच्या फण्यांमध्ये घालतात त्या फोममध्ये गुंडाळून. मात्र ओतणारा पोरगा तोंडाला नुसता रुमाल बांधून काम करतो, याचा एक तारा कापला. आयसोसायनेटची वाफ रुमालाने अडत नाही, दमा जडतो. मालकांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा त्यांनी मास्क आणलेला दाखवला, पण खिळ्याला टांगलेला.

पाचपैकी साडेतीन. भाच्याला आता तीन डोक्यांचा हवाय. मालक म्हणाले, एप्रिलपर्यंत देतो. मी म्हटलं, भाऊ, डिसेंबरात द्या.